एकच नाव, दोन औषधं

परवा ओपीडीत पंचविशीतला एक मुलगा आला. रात्री हाताची बोटं बधिर होतात, मुंग्या येऊन जाग येते, ही तक्रार. शरीर कमावलेलं, व्यसन नाही. उपाशीपोटीची साखर मात्र वयाच्या मानानं जास्त. 'काही औषध घेतोस का?' या प्रश्नाला आधी 'नाही' असंच उत्तर मिळालं. केसपेपर लिहिता लिहिता पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं मोबाइलवर एका छोट्या बाटलीचा फोटो दाखवला. लेबलवर 'सीजेसी-१२९५' आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी'.

'जिममधला मित्र रोज घेतो सर, म्हणून मीही रोज घेतो. यात लाँग ॲक्टिंग आणि शॉर्ट ॲक्टिंग असे दोन प्रकार असतात म्हणे. चांगलं कुठलं?'

प्रश्न बरोबर होता. फक्त तो पहिली सुई टोचण्याआधी विचारायला हवा होता.

ग्रोथ हार्मोन आपल्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. ते कधी सोडायचं, हे वरचा हायपोथॅलॅमस ठरवतो. 'सोड' असा निरोप देणारं एक रसायन (जीएचआरएच) आणि 'थांब' म्हणणारं दुसरं (सोमॅटोस्टॅटिन). या दोघांच्या ओढाताणीमुळे हे हार्मोन सतत न झिरपता लाटांनी येतं. सर्वांत मोठी लाट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते आणि दोन लाटांच्या मधे पातळी जवळजवळ शून्यावर जाते.

'सोड' सांगणारं हे रसायन १९८२मध्ये अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी स्वादुपिंडाच्या गाठींमधून वेगळं केलं. ती ४४ ॲमिनो आम्लांची साखळी आहे, पण कामाची फक्त पहिली २९. रक्तात ती काही मिनिटंच टिकते, कारण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम तिचं टोक कापून टाकतं. मधुमेहासाठी 'ग्लिप्टिन' गटातली गोळी घेणाऱ्या वाचकांनी हे नाव ऐकलं असेल. ती गोळी याच कात्रीला अडवते.

अल्पकाळ टिकणारी औषधं या मूळ साखळीच्या जवळची आहेत. सर्मोरेलिन म्हणजे पहिली २९ आम्लं. ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेमुळे उंची खुंटलेल्या मुलांसाठी त्याला १९९७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली होती. टेसामोरेलिनला २०१०मध्ये एचआयव्हीच्या रुग्णांच्या पोटातली चरबी कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. ते रोज घ्यावं लागतं. तिसरा प्रकार मान्यता नसलेला. २९पैकी चार आम्लं बदलून कात्रीला चकवणारा, पण साधारण अर्ध्या तासात निम्मा होणारा.

दीर्घकाळ टिकणारा प्रकार कॅनडातल्या कंजुकेम कंपनीनं तयार केला. त्याच साखळीला त्यांनी एक आकडा जोडला. तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट पकडतो आणि त्याच्याबरोबर दिवसचे दिवस फिरत राहतो. २००६मध्ये निरोगी माणसांवरच्या अभ्यासात हे औषध निम्मं व्हायला सहा ते आठ दिवस लागले. लाटा चालू राहिल्या, पण मधली पातळी, जी तळाला जायला हवी, ती वरच राहिली. त्याच वर्षी एचआयव्हीच्या रुग्णांवरची चाचणी एका रुग्णाच्या हृदयविकारानं झालेल्या मृत्यूनंतर थांबवली गेली. मृत्यूचा औषधाशी संबंध नसावा, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत होतं. पण औषध पुढे गेलं नाही आणि त्याला मान्यताही मिळाली नाही.

खरा घोळ पुढे आहे. बाजारात हा आकडा असलेला आणि नसलेला, दोन्ही माल 'सीजेसी-१२९५' याच नावानं विकला जातो. एक अर्ध्या तासात निम्मा होतो, दुसरा आठवड्यात. आता गणित करा. पहिला रोज घेतला तर उद्यापर्यंत आजचं काही उरत नाही. दुसरा निम्मा व्हायला सात दिवस धरले आणि तो रोज टोचला, तर महिन्याभरात अंगात एका डोसच्या सुमारे दहापट साठा होतो. शिवाय त्रास सुरू झाला म्हणून सुई थांबवली, तरी औषध निघून जायला पाचेक आठवडे लागतात. टोचलेलं परत काढता येत नाही.

ग्रोथ हार्मोन दीर्घकाळ जास्त राहिलं की अंगात पाणी साठतं, मनगटात नस दबते, सांधे दुखतात, साखर वाढते. माझ्या रुग्णाची लक्षणं या चित्रात बसत होती. पण बाटलीत नेमकं काय होतं, हे मी सांगू शकत नव्हतो, आणि विकणाराही सांगू शकला नसता.

दीर्घकाळ टिकणारं औषध मुळातच वाईट, असं मात्र नाही. मुलांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या ग्रोथ हार्मोनला अमेरिकेत २०२१मध्ये रीतसर चाचण्यांनंतर मान्यता मिळाली आहे. तिथे डोस ठरलेला असतो आणि रक्तातलं आयजीएफ-१ तपासून तो कमी-जास्त करता येतो. 'संशोधनासाठी' लिहिलेल्या बाटलीला यातलं काहीच नसतं. खेळाडूंनी हेही लक्षात ठेवावं की, उत्तेजकांच्या जागतिक यादीत दोन्ही प्रकारांवर बंदी आहे. मुलाची उंची वाढत नसेल तर पालकांनी हाडांची वाढ थांबण्याआधी बालरोगतज्ज्ञांना गाठावं.

त्या मुलाला सुई बंद करायला सांगितली, आयजीएफ-१ आणि साखरेच्या तपासण्या लिहून दिल्या, रात्री मनगटाला बांधायला पट्टी दिली. 'किती दिवसांत बरं वाटेल, सर?' त्यानं विचारलं. बाटलीत अल्पकाळचं औषध असेल तर लवकर, दीर्घकाळचं असेल तर महिना-सव्वा महिना वाट पाहावी लागेल, असं मी सांगितलं. पुढच्या वेळी येताना बाटली घेऊन ये, आणि त्या मित्रालाही बरोबर आण, असंही बजावलं.