ई-रीडर घ्यावा काय? मावळातील मराठी वाचकाच्या दृष्टीने एक विचार

केवळ वाचनासाठी बनविलेले जे विद्युत् उपकरण आज ई-रीडर या नावाने ओळखले जाते, ते विकत घेणे हितावह आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा उपकरणाच्या गुणदोषांवरून दिले जाते. पडदा किती इंचांचा, उजेड कसा, बॅटरी किती दिवस पुरते, यांची तुलना केली की निर्णय झाला असे मानतात. इंग्रजी वाचकापुरती ही पद्धती बव्हंशी चालते. कारण त्याला हवे असलेले पुस्तक उपकरणाला मानवेल अशा रूपात मिळेल, हे गृहीत धरता येते. मराठी वाचकाला ते गृहीत धरता येत नाही. म्हणून येथे या प्रश्नाचा विचार पुस्तकांकडून उपकरणाकडे, अशा उलट क्रमाने केला आहे. त्यासाठी मावळ तालुका व लोणावळा हा प्रदेश घेण्याचे कारण असे की, ई-रीडरला अनुकूल असलेल्या परिस्थितीपैकी बरीचशी तेथे एकत्र आढळते. आणि तरीही निर्णय सोपा होत नाही.

प्रथम उपकरणाच्या रचनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. भ्रमणध्वनीचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. त्याच्या पृष्ठाखाली अतिसूक्ष्म कुप्या असतात व प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे, परस्परविरुद्ध विद्युत्‌भाराचे कण एका स्वच्छ द्रवात तरंगत असतात. विद्युत्‌दाबाची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्याचे खाली जातात. त्यातून अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवून ठेवण्यास वीज लागत नाही, ती लागते फक्त पान बदलताना. यामुळेच हे यंत्र एकदा भारित केले की आठवडेच्या आठवडे चालते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामातून १९९७ साली या शाईचे उत्पादन करणारी कंपनी निघाली. २००४ साली सोनीने जपानात ‘लिब्रिए’ हे यंत्र आणले, आणि २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचे ‘किंडल’ निघाले. आज साधारणपणे ज्याला ई-रीडर म्हणतात, तो याच वंशातला.

आता मावळाकडे वळू. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांचा हा तालुका सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस तळेगावाकडे यावे तसतसा तो झपाट्याने कमी होत जातो. लोणावळ्याच्या घरांत आषाढ-श्रावणात कपाटातील पुस्तकांना जी अवकळा येते, ती तेथल्या वाचकास सांगावी लागत नाही. कागद सादळतो, पुठ्ठा फुगतो, बांधणीच्या खळीवर बुरशी चढते, आणि पावसाळा सरल्यावर पुस्तके उन्हात घालण्याचा उद्योग करावा लागतो. हे संकट ई-रीडरमधील ग्रंथांवर येत नाही. किंडलच्या ‘पेपरव्हाइट’ या प्रकारात तर गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीवर तासभर बुडाले तरी बिघडू नये अशी योजना असते. पावसाळी रात्री वीज गेली असता स्वतःच्या मंद दिव्यावर वाचता येणे, हाही लाभ क्षुल्लक नव्हे.

दुसरी अनुकूलता आगगाडीची. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे. चौसष्ट किलोमीटरांच्या या प्रवासास सुमारे सव्वा तास लागतो. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव येथून पुण्यास नोकरी वा शिक्षणासाठी रोज जाणारा मनुष्य आठवड्यातून सहज दहा तास गाडीत घालवितो. उभ्याने प्रवास करताना एका हाती धरता येईल असे, अक्षर हवे तेवढे मोठे करता येणारे, शे-दोनशे ग्रंथ पोटात बाळगणारे हलके उपकरण त्याला सोयीचे वाटल्यास नवल नाही. त्याच्या खिशातील भ्रमणध्वनीवरही हे सारे वाचता येते, हे खरे. परंतु भ्रमणध्वनी वाचू देत नाही. दर दोन मिनिटांस कोणाचा ना कोणाचा निरोप तेथे येऊन धडकतो. ई-रीडरचा खरा गुण त्याच्या उणिवेत आहे. त्यावर वाचनावाचून दुसरे काही धडपणे करता येत नाही.

इतके झाल्यावर उपकरण घ्यावे, असा निष्कर्ष कोणीही काढील. तथापि खरी अडचण येथून पुढे आहे.

विद्युत् रूपातील पुस्तके दोन जातींची असतात. एका जातीत पुस्तक हे अक्षरांची मालिका म्हणून साठविलेले असते. ‘ईपब’ हे या जातीचे प्रमुख रूप होय. वाचकाने टाइप मोठा केला की ओळी आपोआप नव्याने जुळतात. दुसऱ्या जातीत पुस्तक हे पानांची मालिका असते. ‘पीडीएफ’ या नावाने ती सर्वपरिचित आहे. येथे पान हे चित्राप्रमाणे अचल असते. अक्षर मोठे करावयाचे म्हणजे सारे पान मोठे करावयाचे, आणि मग ओळीचा शेवट पाहण्यासाठी ते पान डावीकडे-उजवीकडे सरकवीत बसावयाचे. संगणकावर हे निभते. सहा-सात इंचांच्या, सावकाश बदलणाऱ्या पडद्यावर ते वाचकाचा अंत पाहते. ई-रीडर हे पहिल्या जातीसाठी बनलेले यंत्र आहे, आणि मराठीत विनामूल्य व कायदेशीरपणे मिळणारे साहित्य मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या जातीचे आहे.

यास ऐतिहासिक कारण आहे. देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले असले, तरी मराठी छपाईचा व्यवहार पुढे बराच काळ निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी टंकांवर चालला. अशा टंकात जुळविलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर नेला की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. म्हणून प्रकाशकाने पानांचे पीडीएफ करून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग मानला. जुने ग्रंथ तर बहुतेक छायाचित्रेच आहेत. कार्ल्याच्या लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या मावळवासी विद्यार्थ्याचे उदाहरण घ्यावे. त्याला लागणारा पुणे जिल्ह्याचा १८८५ चा गॅझेटियर, अथवा सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात प्रसिद्ध केलेले कार्ल्याचे कोरीव लेख, हे मोठ्या आकाराच्या पानांचे, तळटीपांनी व ठशांनी भरलेले वाङ्मय आहे. लहान पडद्यावर ब्राह्मी अक्षराची वळणे पाहणे अशक्यप्राय होय. या विद्यार्थ्याने ई-रीडरच्या पैशात मोठ्या पडद्याचे साधे टॅब्लेट घेतले, तर ते अधिक शहाणपणाचे ठरेल.

पहिल्या जातीचे मराठी पुस्तक मिळाले तरी एक बारीक तपासणी उरतेच. मराठी ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. यंत्रातील टंक हिंदी वळणाचा असेल तर सारे पुस्तक परके वाटू लागते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्धा र नीट उमटतो की नाही, हेही पाहावे. टाइप मोठा केल्यावर लांब सामासिक शब्दांमुळे ओळीत विद्रूप मोकळ्या जागा पडतात, तिकडे मात्र दुर्लक्ष करता येईल.

मिळण्याचा प्रश्न हक्कांशीही निगडित आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या ग्रंथांवर स्वामित्व चालते. हरि नारायण आपटे १९१९ साली व साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांचे ग्रंथ आता सर्वांचे आहेत आणि मराठी विकिस्रोतावर असलेले ग्रंथ ईपब रूपात उतरवून घेता येतात. उलट, मावळच्या वाचकाला ज्यांच्याविषयी विशेष आपुलकी, ते तळेगावचे गो. नी. दांडेकर १९९८ साली वारले. ‘पवनाकाठचा धोंडी’ किंवा ‘माचीवरला बुधा’ यांवरील स्वामित्व २०५८ च्या अखेरपर्यंत राहील. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक मराठी साहित्य याच अवस्थेत आहे. ॲमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके विक्रीस आणली, त्यामुळे वाट मोकळी झाली हे मान्य केले पाहिजे. परंतु अन्य विक्रेत्यांची पुष्कळशी मराठी ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडतात, आणि ते ॲप ई-रीडरवर बहुधा चालत नाही.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. नव्या पेपरव्हाइटची किंमत २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात १६,९९९ रुपये ठेवण्यात आली. छापील प्रतीऐवजी ई-प्रत घेतल्याने प्रत्येक पुस्तकामागे शंभर रुपये वाचतात असे क्षणभर धरले, तर ही रक्कम भरून निघण्यास १७० पुस्तके विकत घ्यावी लागतील. महिन्यास दोन या वेगाने त्यास सात वर्षे लागतात. तोवर बॅटरी म्हातारी झालेली असते. त्यातही छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरील कर २०१८ साली उतरविला तो पाच टक्क्यांपर्यंत. तेव्हा काटकसर म्हणून ई-रीडर घेणे हा मराठी वाचकाच्या बाबतीत भ्रम होय. जो मुख्यतः जुने, हक्कमुक्त इंग्रजी वाङ्मय वाचतो, त्याचा हिशेब अगदी वेगळा. चाळीस-पन्नास ग्रंथांतच त्याचे पैसे वसूल होतात.

शिवाय विकत घेतलेली ई-प्रत ही बहुधा मालकीची वस्तू नसून वाचण्याची अनुज्ञा असते. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दूरस्थपणे काढून घेतल्या. ती आवृत्ती विकण्याचा हक्क विक्रेत्याला नव्हता, हे कारण खरे असले तरी तसे करता येते हे त्यातून दिसले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांस पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून किंडलचे खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही बंद झाली. मावळात एक पुस्तक घरात आले की ते आधी आजोबा वाचतात, मग सून, मग शेजारी, आणि शेवटी ते गावच्या वाचनालयास जाते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान घेणारी गावोगावची लहान ग्रंथालये अशा देणग्यांनीही समृद्ध झालेली असतात. ई-प्रत या साखळीत कोठेच बसत नाही. एका घरापुरता हा तोटा नगण्य आहे. गावापुरता तो नगण्य नाही.

यावरून निवड कशी करावी ते ठरते. पुढील वर्षभरात जी दहा पुस्तके वाचावयाची मनात आहेत, त्यांची नावे कागदावर लिहून प्रत्येक पुस्तक कोणत्या रूपात व कोठे मिळते हे आधी शोधावे. दहांपैकी सहा-सात ईपब रूपात किंवा किंडलच्या दुकानात मिळत असतील, आणि वाचक रोज तासभर गाडीत बसणारा किंवा दृष्टी मंदावल्यामुळे मोठ्या अक्षराची गरज असलेला असेल, तर ई-रीडर अवश्य घ्यावा. दोन-तीनच मिळत असतील, तर तूर्त घेऊ नये. यादीत पीडीएफ अधिक असतील, तर टॅब्लेटचा विचार करावा. मराठी पुस्तकाचा नमुना भाग विनामूल्य मागवून तो भ्रमणध्वनीवरील त्याच कंपनीच्या ॲपमध्ये आठ दिवस लोकलमध्ये वाचून पाहिला, तर अक्षरवळणाची परीक्षाही पैसे न देता होते. लोणावळ्यात राहणाऱ्याने यंत्र घेतलेच, तर पावसाळ्यात भारित करण्यापूर्वी तारेचे छिद्र पूर्ण कोरडे आहे याची खात्री करून घ्यावी; जलरोधक यंत्रालाही हे पथ्य लागू आहे.