विंचवाचें विष व स्वायत्त मज्जासंस्था

श्रोतेहो, आपण हें भाषण ऐकत बसलां आहांत, तेवढ्यांत आपलें हृदय मिनिटाला सुमारें ७० ठोके देत आहे, जेवलेलें अन्न आंतड्यांतून पुढें सरकत आहे आणि खोलींतील उजेडाप्रमाणें डोळ्यांतील बाहुली लहानमोठी होत आहे. यांपैकीं एकहि काम आपण हुकूम देऊन करवून घेत नाहीं. हात उचलावा म्हटलें तर उचलतां येतो. परंतु 'थांब' म्हटल्यानें हृदय थांबत नाहीं. ही अंतर्गत व्यवस्था पाहणारें जें मज्जातंतूंचें जाळें आहे, त्याला स्वायत्त मज्जासंस्था असें म्हणतात.

आपल्या कोंकणांत तांबड्या विंचवाच्या दंशानें धडधाकट मूल एका रात्रींत दगावत असे. पुढें रक्तदाबावरील एका साध्या गोळीनें अशीं मुलें वांचूं लागलीं. हा चमत्कार नव्हे. त्याचें मर्म याच संस्थेंत आहे, व तें समजून घेणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

या संस्थेच्या दोन शाखा आहेत. एक अनुकंपी, दुसरी परानुकंपी. टांग्याच्या घोड्याला चाबूक असतो, तसाच लगामहि असतो. अनुकंपी शाखा म्हणजे चाबूक. संकट आलें कीं ती हृदयाचे ठोके वाढविते, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका रुंद करते व डोळ्यांची बाहुली मोठी करते. परानुकंपी शाखा म्हणजे लगाम. ती ठोके मंद करते, तोंडास लाळ आणते, पचन चालविते व बाहुली लहान करते. विश्रांतीच्या वेळीं हृदयावर लगामाचाच अंमल अधिक असतो. तरुण माणसाच्या बाबतींत औषधानें हा लगाम पुरता सैल केला, तर तेंच हृदय मिनिटाला १०० च्या वर धांवूं लागतें.

आतां प्रश्न असा कीं, मज्जातंतूचा निरोप हृदयास पोंचतो कसा? १९२१ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें ऑटो लोवी यांनीं याचा उलगडा केला. त्यांनींच सांगितल्याप्रमाणें प्रयोगाची कल्पना त्यांना रात्रीं झोपेंत सुचली. त्यांनीं ती कागदावर टिपून ठेवली, पण सकाळीं स्वतःचेंच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्रीं तीच कल्पना पुन्हां सुचली, तेव्हां ते उठून थेट प्रयोगशाळेंत गेले. त्यांनीं बेडकांचीं दोन हृदयें क्षारद्रावांत धडधडत ठेविलीं. पहिल्याच्या परानुकंपी मज्जेला विजेनें चेतविलें, तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्या भोंवतालचा द्राव दुसऱ्या हृदयावर घातला, तों तेंहि मंदावलें! दुसऱ्या हृदयाला तर कोणीं स्पर्शहि केला नव्हता. अर्थात् मज्जातंतूच्या टोंकांतून कांहीं द्रव्य झरतें व तेंच निरोप पोंचवितें. हें द्रव्य म्हणजे ॲसेटिलकोलीन. अनुकंपी शाखेचें मुख्य द्रव्य नॉरॲड्रिनॅलीन होय. १९३६ सालीं लोवी व इंग्लंडचे हेन्री डेल या दोघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

निरोप द्रव्यरूप आहे हें कळल्यावर औषधांची किमयाहि उलगडते. ज्या पेशीला निरोप घ्यावयाचा, तिच्यावर त्या द्रव्याला बसण्याच्या ठराविक जागा असतात. त्यांस ग्राही म्हणतात. कांहीं औषधें मूळ द्रव्याची नक्कल करून त्या जागीं बसतात. दम्याच्या रोग्यानें ओढावयाचें साल्ब्युटॅमॉल अशा प्रकारें श्वासनलिका रुंद करतें, व त्याच कारणानें कधीं हातास कंपहि आणतें. दुसरीं औषधें जागा अडवून बसतात, पण स्वतः निरोप देत नाहींत. धोतऱ्यांतील ॲट्रोपिनासारखीं द्रव्यें या जातीचीं. म्हणूनच धोतरा खाल्लेल्या माणसाचें तोंड कोरडें पडतें, बाहुल्या विस्फारतात, त्वचा लाल व तप्त होते आणि तो बरळूं लागतो. तिसरीं द्रव्यें निरोप पुसूं देत नाहींत. कित्येक कीटकनाशकें ॲसेटिलकोलीन नष्ट करणाऱ्या विकरालाच निकामी करतात. मग लाळ, घाम व जुलाब सुरू होतात, बाहुली टाचणीच्या टोंकाएवढी होते आणि श्वास कोंडतो. अशा विषबाधेंत ॲट्रोपीन प्राणदाता ठरतें. धोतऱ्याचें विष तें फवारणीच्या विषावर उतारा!

आतां विंचवाकडे वळूं. तांबड्या विंचवाचें विष मज्जातंतूंच्या पडद्यांतील सोडियमचीं दारें मिटूं देत नाहीं. त्यामुळें दोन्ही शाखांतून निरोपांचा लोंढा सुटतो. आरंभीं वांती, दरदरून घाम व लाळ. मागोमाग अनुकंपी शाखेचें वादळ. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे पडतात, रक्तदाब चढतो. त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त रेटतां रेटतां हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें आणि तोंडावाटें गुलाबी फेंस येतो.

महाड भागांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं असे रोगी रात्रंदिवस उशाशीं बसून पाहिले. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध रक्तदाबासाठीं उपलब्ध झालेलें होतें. तें अनुकंपी शाखेच्या अल्फा नांवाच्या ग्राहींची जागा अडवितें. दंशाच्या रोग्यांस तें देऊन आलेला अनुभव त्यांनीं १९८६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश दगावत. पुढें हें प्रमाण शेंकडा एक-दोनांपर्यंत उतरलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चांचणींत प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो असें दिसलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. घाम आणि लाळ विंचवाच्या दंशांत असते, तशी फवारणीच्या विषबाधेंतहि असते. लक्षणें सारखीं, म्हणून उपायहि सारखाच करावा, असें कोणास वाटेल. परंतु विंचू चावलेल्या रोग्यास ॲट्रोपीन देणें म्हणजे घोडा आधींच उधळलेला असतां हातांतील लगामहि सोडून देणें होय. औषध लक्षणाला नव्हे, तर कारणाला द्यावयाचें असतें, तें यासाठीं.

म्हणून घरांत विंचवाची गोळी ठेवून स्वतःच देण्याचा मोह कोणीं धरूं नये. प्राझोसिननें रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो. रोग्यास निजवून, नाडी पाहतच तें द्यावें लागतें. दंश झाल्यावर वांती झाली, घाम सुटला किंवा हातपाय गार पडले, तर मंत्र-उतारा करण्यांत घटकाहि न दवडतां रुग्णालय गांठावें. वेदना थोडी, म्हणून धोका थोडा, असेंहि समजूं नये; पुष्कळदां गंभीर रोग्यास दंशाच्या जागीं फारशी वेदना नसते.

शहरांत राहणाऱ्यांस विंचवाचें भय कमी, हें खरें. पण सर्दीच्या कित्येक गोळ्या याच दोन शाखांवर चालतात. कांहीं रक्तदाब वाढवितात, कांहीं वृद्ध पुरुषाची लघवी अडवितात. तेव्हां नवें औषध घेतांना, चालू असलेल्या सर्व औषधांचीं नांवें डॉक्टरांस सांगण्याची संवय प्रत्येक घरानें लावून घ्यावी. लगाम आणि चाबूक दोन्ही आपल्या हुकुमांत नाहींत. निदान कोणाच्या हातीं ते देत आहों, एवढें तरी आपणांस ठाऊक असावें.