भाकर सोडली, पेला तसाच!

वजन कमी करायला निघालेला आपल्याकडचा माणूस पहिला राग काढतो तो भाकरीवर. भात बंद, चहातली साखर बंद, तीन भाकरींची दीड भाकर. पहाटे उठून अमरावतीत वडाळी नाहीतर छत्री तलावाकडे आणि अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांनी फिरणे सुरू. महिना-दीड महिन्याने हे गृहस्थ दवाखान्यात येतात, वजनकाट्यावर उभे राहतात आणि काट्यालाच दोष दिल्यासारखे म्हणतात, "डॉक्टरसाहेब, भाकर अर्ध्यावर आणली जी, मंग वजन काहून नाही घटत?"

मी विचारतो, "संध्याकाळी काय घेता?"

"संध्याकाळी तं जेवतच नाही. नुसते दोन पेग आन् थोडंसं तोंडात टाकाले."

सारी गोम या 'नुसते'मध्ये आहे.

आधी हिशेब पाहू. आपल्या घरची मध्यम ज्वारीची भाकर साठ ग्रॅम पिठाची धरली, तर तिच्यातून सुमारे २०० उष्मांक मिळतात. सोबत प्रथिने, तंतू, थोडे लोह मिळते आणि पोट भरते. मद्यार्काच्या एका ग्रॅममधून ७ उष्मांक मिळतात. पिठूळ पदार्थांच्या एका ग्रॅममधून ४ मिळतात आणि तेल-तुपाच्या एका ग्रॅममधून ९. म्हणजे दारू ही साखरेपेक्षा तेलाच्या जास्त जवळची. साठ मिलीलिटर व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे १४० उष्मांक. दोन पेगांचे २८०, आणि तेही मापाने ओतले तर. घरी माप कोणी वापरत नाही. 'अंदाजे' ओतलेला पेग बहुधा दीड पेगाचा असतो, हे आपल्या गिलासात पाणी मोजून कोणालाही पाहता येईल.

सोडा आणि पाण्यात उष्मांक नसतात, पण कोल्ड्रिंक मिसळणारे बरेच आहेत. २०० मिलीलिटरच्या बाटलीत चार-पाच चमचे साखर असते. त्यांनी चहातली साखर सोडलेली असते, हे विशेष.

आता 'थोडंसं तोंडात टाकाले' काय असते ते पाहा. शेव, तळलेले शेंगदाणे, कांदा घालून चिवडा, अंड्याची भुर्जी, ढाब्यावर असाल तर तंदुरी आणि वर पापड. पन्नास ग्रॅम शेव पावणेतीनशे उष्मांकांची, तेवढेच तळलेले शेंगदाणे तीनशेच्या घरात. दोन पेग, मूठ-दोन मुठी शेव आणि दाणे मिळून आठशेच्या वर आकडा जातो. सोडलेल्या दीड भाकरीचे तीनशे वाचले, त्याच्या अडीचपटीहून जास्त रात्री परत आले. तास-दीड तास फिरून जे जाळले, ते पहिल्या दोन पेगांतच भरून निघाले.

यावर एक हुशार युक्तिवाद हमखास येतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात गावोगावी पोहोचली. मधल्या वेळात काही खायचे नाही, हा तिचा गाभा. आमचे काही रुग्ण ती मनापासून पाळतात, फक्त संध्याकाळच्या पेल्याला जेवणात धरत नाहीत. "दारू म्हंजे काही खाणं थोडीच हाय?" असे त्यांचे म्हणणे. शरीर मात्र ते धरते. उलट सर्वांत आधी त्याचाच हिशेब चुकता करते. कारण तेल-तूप, साखर शरीराला साठवता येते, मद्यार्क साठवता येत नाही. तो विषासारखा असल्याने यकृत बाकीची कामे बाजूला सारून आधी त्याचा निकाल लावते. तोवर चरबी जाळण्याचे काम मंदावते. तळणातून आलेले तेल तसेच पोटाभोवती आणि यकृतात जाऊन बसते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' असे लिहून येते ना, त्यात वाढलेले वजन आणि दारू हे दोघेही एकाच भिंतीला दोन बाजूंनी खणत असतात.

शिवाय पेल्याने भूक मरत नाही, वाढते. दुसऱ्या पेगानंतर कोणाला आपले पथ्य आठवले आहे, असे मी अजून पाहिलेले नाही. आणि 'झोप चांगली लागते' म्हणतात तीही अर्धीच खरी. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते. घोरणे वाढते, सकाळी अंग जड राहते आणि फिरणे टळते.

आता वाइनविषयी. हल्ली हा प्रश्न आपल्याकडेही येऊ लागला आहे. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला येताना नाशिककडची बाटली आणतो आणि वडिलांना सांगतो, "बाबा, व्हिस्की सोडा, रोज एक ग्लास रेड वाइन घ्या. हृदयाला चांगली असते, वजनही वाढत नाही." नाशिक जिल्ह्यात द्राक्षे पिकतात, सन २००१ मध्ये राज्य सरकारने वाइन उद्योगासाठी धोरण आणले आणि हा धंदा वाढला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हेच' असेही ऐकायला मिळाले. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा हे मलाही पटते. पण वाइनमधला मद्यार्क आणि व्हिस्कीमधला मद्यार्क यांत यकृताला काही फरक कळत नाही. दीडशे मिलीलिटरच्या एका ग्लासात सव्वाशेच्या आसपास उष्मांक असतात, पूर्ण बाटलीत सहाशे. गोव्याहून येणाऱ्या गोड पोर्ट वाइनमध्ये साखर वेगळी.

हृदयाच्या गोष्टीचे मूळ फ्रान्समध्ये आहे. तिकडे लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, ते रेड वाइनमुळे असावे, असा तर्क होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो सांगितला गेला आणि तिथे रेड वाइनचा खप एकदम वाढला. पुढे संशोधन वाढले तसा तो तर्क ढिला पडत गेला. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्यासारख्या लोकांना मद्यापासून हृदयाचे संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये तर स्पष्टच सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही. जो घेत नाही त्याने हृदयासाठी म्हणून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. जो घेतोच, त्याने व्हिस्कीऐवजी एकच ग्लास वाइन घेतली तर उष्मांक थोडे घटतील, पण ते 'एकच' या शब्दामुळे.

बिअरचेही तेच. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की 'थंडावा' म्हणून बिअर घेतली जाते. साध्या बिअरच्या ६५० मिलीलिटरच्या बाटलीत अडीचशेच्या वर, स्ट्राँगमध्ये साडेतीनशेच्या वर उष्मांक असतात. मद्याने लघवी जास्त होऊन अंगातले पाणी कमी होते. म्हणजे थंडाव्याऐवजी शोष पडतो. उन्हातून आल्यावर आधी पोटभर पाणी किंवा ताक प्यावे. निम्मी तलफ ही खरे तर तहान असते.

इथवर वजनाची गोष्ट झाली. पण हा लेख लिहायला बसलो तो वेगळ्या कारणासाठी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढचा भाग नीट वाचावा.

पन्नाशीतले एक शेतकरी. वजन कमी करा असे सांगितलेले, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. त्यांनी रात्रीचे जेवण सोडले, गोळी मात्र नियमाने घेत होते. सोयाबीन विकून आले त्या दिवशी मित्रांसोबत बसले, तीन पेग झाले. घरी येऊन न जेवता झोपले. पहाटे बायकोला दिसले, की ते घामाने भिजलेत, हात थरथरतात आणि बोलणे असंबद्ध आहे. तोंडाला वास येतच होता. "उतरली नाही अजून, झोपू द्या," असे थोरला भाऊ म्हणाला. शेजारची सून नर्स होती म्हणून निभावले. तिने ग्लुकोमीटरने पाहिले, रक्तातली साखर ३८ होती. सत्तरच्या खाली गेली तर ती कमी धरतात. तासाभराचा आणखी उशीर झाला असता तर झटके येऊ शकले असते, मेंदूला इजा होऊ शकली असती.

हे असे का होते? आपण उपाशी असतो तेव्हा यकृत आपल्या साठ्यातून आणि नवी तयार करून रक्तात साखर सोडत असते. दारू पोटात गेली की नवी साखर तयार करण्याचे काम अडते. त्यात ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन साखर खाली ओढतच असते. जेवण नाही, म्हणजे बाहेरून भर नाही. साखर घसरते, आणि ती पिताना नव्हे, काही तासांनी, मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. लक्षणे हुबेहूब झिंगल्यासारखी असतात: तोल जाणे, बरळणे, चिडणे, सुस्त पडणे. म्हणून मधुमेही माणूस पिऊन असा वागू लागला, तर 'चढली आहे' असे धरून त्याला झोपवू नये. आधी साखर तपासावी. यंत्र नसेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि तडक दवाखाना गाठावा. गोळ्यांमुळे घसरलेली साखर एकदा सावरून पुन्हा घसरते. त्यामुळे बरे वाटले तरी त्याला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ठेवू नये.

तेव्हा मधुमेह असलेल्यांनी वजनासाठी जेवण गाळायचे ठरवले तर गोळ्यांचा डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. आणि दारू घेत असाल तर तेही सांगावे. डॉक्टरांसमोर लाजून 'कधीमधी' म्हणणारे पुष्कळ असतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाने फार दारू पिणेही घातकच.

कमी कशी करावी? एकदम 'उद्यापासून बंद' म्हणणाऱ्यांपेक्षा आठवड्याचे दिवस ठरवणाऱ्यांना माझ्याकडे जास्त यश आले. रोजची असेल तर आठवड्यातले चार दिवस कोरडे, आणि ते दिवस घरात मोठ्याने सांगून टाकावे. बाटली घरी साठवू नये. सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सात-साडेसातलाच जेवून घेणे. वांग्याची भाजी, वरण, भाकर आणि ठेचा पोटात गेल्यावर साडेआठला पेल्याची ओढ निम्मी राहते आणि शेव-दाण्यांची तर उरतच नाही. भाकर सोडायची गरज नव्हती, ती आधी खायची होती. बैठकीला जाणे टाळता येत नसेल तर काकडी, मुळा, उकडलेले अंडे, भाजलेले फुटाणे मागवावेत. पहिला गिलास सोडा-लिंबाचा घ्यावा. हॉटेलात नाही तरी बिल वाटून द्यायचे असते, म्हणून इतरांइतकेच प्यायचे हा हिशेब सोडावा. पोळ्याच्या करीला आणि लग्नसराईत नियम मोडेल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सुरू करावा, महिना वाया गेला असे मानू नये.

महिनाभर रोजचे दोन पेग टाळले तर कागदावर ८,४०० उष्मांक वाचतात, म्हणजे साधारण किलोभर चरबी. शरीर इतके सरळ गणित करत नाही, पण कंबर लवकर कळवते. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी. रक्तदाबही बहुतेकांचा थोडा उतरतो.

एका गटाला मात्र हा सल्ला लागू नाही. रोज पुष्कळ पिणारे, सकाळी हात कापतात म्हणून आधी घोट घेणारे, यांनी एका दिवसात दारू थांबवू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. हे वजनाचे नव्हे, आजाराचे काम आहे आणि त्याला औषध आहे. अमरावतीत इर्विन रुग्णालयात, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात जावे, किंवा आधी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत. रुग्ण स्वतः बोलायला तयार नसेल तर घरचे बोलले तरी चालते.