शरदातील पक्षिनिरीक्षण : नान्नजचा माळ

पावसाळा ओसरून आश्विन लागला की पक्षिनिरीक्षणाचा खरा हंगाम सुरू होतो. आकाश निरभ्र असते, गवत पिवळे पडू लागते आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांतून पाहुणे पक्षी दाखल होऊ लागतात. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर असलेला नान्नजचा परिसर अशा दिवसांत पायी हिंडून पाहण्यासारखा आहे. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ साली येथे अभयारण्य स्थापन झाले.

सूर्योदयाच्या सुमारास निघावे. प्रथम लागते ती कडुनिंब-बाभळींची झाडी. बाभळींवर सुगरणींची घरटी लोंबत असतात. वीण आटोपल्यामुळे बहुतेक रिकामी. शेपटी सतत थरथरवीत फांदीवरून जमिनीवर उतरणारा थिरथिरा हा याच दिवसांतील पाहुणा. लगतच्या शेतांत रब्बी ज्वारी नुकतीच उगवलेली असते. तेथे भोरड्यांचे थवे उतरतात. या पक्ष्याविषयी शेतकऱ्याचे मत फारसे चांगले नाही आणि कणसे भरल्यावर ज्याला गोफण घेऊन मचाणावर बसावे लागते, त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. तथापि कणीस धरण्यापूर्वी हेच थवे नाकतोडे व अन्य कीटक टिपीत असतात, हेही त्यांच्या खात्यावर जमा धरावयास हवे.

शेते मागे पडली की मोकळा माळ सुरू होतो. नवख्याला येथे प्रथम काहीच दिसत नाही. मातीच्या रंगाशी एकरूप झालेला धाविक चार पावले पळून थबकतो, तेव्हाच तो दगड नव्हता हे उमगते. एवढ्यात गवताच्या शेंड्यांवरून, पंख किंचित उंचावून, भोवत्या संथपणे तरंगत येतो. मध्य आशियातील गवताळ मैदानांत वीण करणारा हा शिकारी पक्षी हजारो किलोमीटर अंतर कापून येतो व मार्च-एप्रिलमध्ये परततो. नाकतोडे, उंदीर आणि लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य. विशेष असे की, रात्री हे पक्षी उंच गवतात, जमिनीवरच, समूहाने मुक्काम करतात. गवत जाळले की त्यांचा निवाराच नाहीसा होतो.

सरकारी दप्तरात अशा माळांची गणना पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून होते आणि सद्हेतूनेच तेथे झाडांसाठी खड्डे खणले जातात. वृक्षारोपण स्तुत्य खरे. परंतु प्रत्येक जमीन त्यासाठी नसते. धाविक, चंडोल, माळटिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकाची मादी तर बहुधा एकच अंडे घालते. माळांची नांगरट आणि विजेच्या तारा यांमुळे हा पक्षी सर्वत्र घटला असून, ज्याच्यामुळे नान्नजचे नाव झाले त्याचे तेथील दर्शन आज अत्यंत दुर्मिळ झाले आहे.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने शिक्षकांनी मुलांना गावच्याच गायरानात न्यावे व दिसलेल्या पक्ष्यांची वहीत नोंद करवून घ्यावी. गायरानाच्या वापराचा ठराव करण्यापूर्वी ग्रामपंचायत सदस्यांनीही त्या वहीवर एकदा नजर टाकावी. जमल्यास सोबत फेरी मारावी. दुर्बीण नसली तरी अडत नाही. भोवत्या नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो.