वेताळाच्या प्रश्नापुढची गोष्ट

जुनी परीकथा अगर पुराणकथा घेऊन तिला निराळेंच, किंचित् भयप्रद वळण देणाऱ्या लघुकथा हल्लीं तरुण मंडळी मोठ्या आवडीनें वाचतात, आणि घरांतील वडीलधारी माणसें कपाळाला आठ्या घालतात. ‘आजीच्या गोष्टीची ही काय दशा!’ हा आक्षेप जिव्हाळ्यांतून आलेला असतो, म्हणून तो थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. परंतु तो टिकणाराही नाहीं, असें आमचें मत आहे.

आम्हां मुकुंदवाडीकरांस पैठण कांहीं दूर नाहीं. उणेंपुरें ५० किलोमीटर. त्या प्रतिष्ठान नगरीच्या सातवाहन राजाच्या पदरीं असलेल्या गुणाढ्यानें पैशाची भाषेंत, स्वतःच्या रक्तानें, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानें ती अव्हेरतांच तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नींत टाकूं लागला, आणि अखेरीस एकच लक्ष श्लोक बचावले, अशी आख्यायिका आहे. तो ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. आपल्या हातीं आहे तो अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें सूर्यवती राणीसाठीं रचलेला कथासरित्सागर, म्हणजे दुसऱ्यानें पुन्हा सांगितलेली गोष्ट! मग सोवळ्यांत ठेवावी अशी मूळ कथा आणावी तरी कोठून?

त्यांतीलच वेताळाची एक कथा पाहा. देवीच्या मंदिरांत पतीनें, व त्याच्या मागोमाग मेहुण्यानें, आपलें शिर वाहिलें. देवी प्रसन्न झाली; पण मदनसुंदरीनें गडबडींत पतीचें शिर भावाच्या धडावर आणि भावाचें पतीच्या धडावर ठेवलें. आतां पति कोणता? राजा म्हणतो, पतीचें शिर ज्याला तो. कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. वेताळ पुन्हा शिंशपेच्या झाडावर जातो. मदनसुंदरीला मात्र कोणी कांहींच विचारीत नाहीं! वर्गांत ही कथा सांगितली म्हणजे मुलें राजाच्या न्यायावर खूष होत. एखादी मुलगीच ‘पुढें तिचें काय झालें?’ म्हणून विचारी.

जर्मन कादंबरीकार टॉमस मान यानें १९४० मध्यें, आणि त्यानंतर गिरीश कर्नाडांनीं ‘हयवदन’ नाटकांत, नेमका हाच प्रश्न हातीं घेतला. तेथें भावाच्या जागीं पतीचा मित्र आहे, व स्त्रीचें मन त्याच्याकडे ओढलेलें आहे. त्यामुळें ती चूक खरोखरच गडबडीची होती काय, अशी शंका येते. विद्वान शिराला बलवान देह लाभतो, ती सुखावते. परंतु दिवस लोटतां लोटतां देह शिराच्या वळणावर जाऊन पूर्ववत् सुकुमार होतो. राजाचें उत्तर खरें ठरतें, आणि त्यांतच तिघांचा घात होतो. जी. ए. कुलकर्णी यांनींही ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहांत ग्रीक पुराणांतील ऑर्फियस पुन्हा उभा केला आहे.

अशा सर्वच कथा चांगल्या असतात असें नव्हे. राक्षसाला सज्जन केलें आणि राजपुत्राला भित्रा, कीं झाली नवी कथा, असें समजणारे लेखक पुष्कळ आहेत; ती नुसती उलटापालट होय. शिवाय आजीबाईंनीं रुसून गोष्टी सांगणें सोडूं नये. ज्या नातवानें वेताळाची कथा ऐकलीच नाहीं, तो ‘हयवदन’ पाहून आला तरी भावाच्या जागीं मित्र कां आला, हें त्याला कोठून सुचणार?