भंगारातली तिजोरी

आजीचे माहेर नाथसागराच्या तळाशी आहे. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले आणि पैठण, नेवासे, शेवगाव या बाजूंची गावे त्यापायी उठली. तिच्या गावाचे जे काही उरले होते ते जात्यावरच्या ओव्यांत. त्या आम्ही मोबाईलवर टिपल्या, शेवगावच्या घरातल्या संगणकावर चढवल्या आणि निर्धास्त झालो. आजी गेली. पुढच्या उन्हाळ्यात हार्ड डिस्क खट्‌-खट् वाजू लागली आणि दोन दिवसांत मुकी झाली. आतले काढून द्यायचा जो आकडा सांगितला गेला, त्यात दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या. सात ओव्या आत्याच्या जुन्या मोबाईलवर सापडल्या. बाकीच्या गेल्या.

मग ठरले, घरातल्या सगळ्यांसाठी साठवणीचे एकच कपाट करायचे. तयार यंत्र परवडणारे नव्हते. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला कोअर टू ड्युओचा डबा आणला. "अरे, घरातलंच भंगार निघेना, आणि तू आणखी आणलंस?" आई म्हणाली. तिचे चुकले नव्हते. आत बोटभर धूळ होती.

अशा कामाला वेगवान संगणक लागतच नाही. फाइल घ्यायची, ठेवायची, मागितली की द्यायची, एवढेच त्याचे काम. डेबियन लिनक्स फुकट मिळते. त्यावर चालणारे सांबा हे ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेले काम. १९९२ पासून ते विंडोजच्या संगणकांना लिनक्समधले फोल्डर आपलेच वाटायला लावते. घरातले मोबाईलही वाय-फायवरून तिथे पोहोचतात. जुने शंभर मेगाबिटचे नेटवर्क कार्ड सेकंदाला जेमतेम अकरा-बारा मेगाबाइट नेते, म्हणून तेवढे गिगाबिटचे बदलले.

काटकसर कुठे करू नये, हे मात्र उशिरा कळले. वीजपुरवठ्याचा डबा जुना वापरला आणि पहिल्याच वळवात भारनियमनाच्या आल्या-गेल्या विजेने तो गेला. तो आणि डिस्क, या दोन गोष्टी नव्याच घ्याव्यात. जुनी डिस्क घेतलीच, तर तिच्या स्मार्ट नोंदीत बाद होऊन बदललेल्या जागांचा आकडा पाहावा. तो वाढत असेल तर तिला नमस्कार करावा.

दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिण्याच्या सोयीला रेड म्हणतात. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये हे नाव दिले तेव्हा त्यातल्या एका अक्षराचा अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे विकणाऱ्यांनी तो 'स्वतंत्र' करून टाकला! पण रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. भाच्याने चुकून एक फोल्डर पुसले, तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते. वीज पडली तर दोन्ही एकाच डब्यात. म्हणून तिसरी प्रत घराबाहेर हवी.

डबा अंदाजे पन्नास वॅट खातो. चोवीस तास चालवला तर महिन्याला छत्तीस युनिट. आम्ही तो रात्री बंद करतो.

तिसरी डिस्क पैठणला आत्याकडे, धान्याच्या कोठीवर असते. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पिशवीतून नवी नेतो, जुनी आणतो. मागच्या खेपेला आत्याने विचारले, "त्यात आई बोलते का रे?" सात ओव्या लावून दिल्या. आठवी तिने स्वतःच म्हटली, आणि तीही टिपून घेतली.