मे महिन्यात अंडी उबवताय?
जवाहरनगरला, आयुध निर्माणीच्या वसाहतीत काय नि आजूबाजूच्या गावांत काय, मेमध्ये पारा 45 अंशांकडे झुकतो. घरगुती इनक्युबेटर फक्त ऊब देतो, थंडावा नाही! पंखेवाल्या यंत्रात 37.5 अंश हवेत. खोलीच त्याहून तापली तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करून गप्प बसतो, गर्भ मरतो. म्हणून यंत्र कूलरच्या खोलीत ठेवा, झोतासमोर मात्र नको. अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज तीनदा तरी फिरवा. खुडूक कोंबडी तेच करते. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून लाल शिरांचं जाळं बघाच! शेवटचे तीन दिवस ओलावा 65-70 टक्के, झाकण बंद. एकविसाव्या दिवशी चिवचिवाट. आणि हो, दुकानातली पांढरी अंडी लावू नका, ती फलित नसतात.